तिखट गेलं

मुलांनो, जरा डोळे मिटा. घट्ट नको, झोप येताना मिटतात तसे. आता समजा, तुम्ही वाडीला, अमरावती रोडवरच्या एका उंच पत्र्याच्या शेडच्या दारात उभे आहात. मागे ट्रकचे हॉर्न वाजताहेत, तिकडे लक्ष देऊ नका. आत बघा. जमिनीवर ताडपत्र्या, त्यांवर वाळलेल्या लाल मिरचीचे ढीग, आणि प्रत्येक ढिगापुढे मांडी घालून बसलेली एकेक बाई. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, नुसते डोळे उघडे. मिरची उचलायची, नखानं देठ खुडायचा, देठ इकडे, मिरची तिकडे. दिवसभर एवढंच. आमच्याकडे या जागेला सातरा म्हणतात. अजून दोन पावलं आत या. आलं ना डोळ्यांत पाणी? पुसू नका, हातानं तर मुळीच नको. इथं सगळ्यांचेच डोळे वाहतात, आणि म्हणूनच इथं कोणी कोणाला 'काय झालं' असं विचारत नाही. आणखी एक. ओळीतली एखादी बाई खरोखरच रडायला लागली, तिचे खांदे हलायला लागले, तर म्हातारी यमुताई मान वर न करता ओरडते, "पोत्याले हवा लागू द्या वं!" मग कोणीतरी उठून एक रिकामं पोतं उचलतं आणि दोन्ही हातांनी फाडकन झटकतं. लाल धूळ उडते. सगळी ओळ खोकते, शिंकते, शिव्या देते. "कोन मेली झटकून रायली वं, जीव घेतं का आमचा!" सगळ्यांची नाकं गळतात, सगळ्यांचे डोळे वाहतात, आणि धूळ खाली बसेपर्यंत कोणाचं पाणी कशाचं होतं हे देवालाही सांगता येत नाही. मग पुन्हा देठ इकडे, मिरची तिकडे.

एवढं लक्षात ठेवा आणि डोळे उघडा, कारण आता आपण तिथं नाही. आता आपण मनीषनगरला आहोत, त्याच मालकाच्या नव्या ऑफिसात, काचेच्या खोलीत, मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता. इथं मिरचीचा एक देठही नाही. आणि या खोलीत, लांब टेबलाच्या टोकाला बसलेला, सातऱ्यावरून इथं आलेला कवडू रडतो आहे.

तसं काही घडलं नव्हतं. मालकांचा मुलगा केयूर भिंतीवर चित्रं दाखवत होता, चकचकीत पेटीसारखं एक यंत्र, ज्याच्या एका तोंडातून मिरची आत जात होती आणि दुसऱ्यातून देठाविना बाहेर येत होती. "सगळं बंद पेटीत," केयूर म्हणाला. "धूळ झीरो. या सीझनपासून आपल्या गोदामात एकही माणूस शिंकणार नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कवडूनंही वाजवल्या. तिसऱ्या का चौथ्या टाळीला त्याला आपले तळहात ओले लागले. आधी त्याला वाटलं, वरच्या एसीचं पाणी गळतंय. मग हनुवटीवरून एक थेंब त्याच्या पुढ्यातल्या ट्रकांच्या यादीवर पडला आणि शाईचा आकडा फुगला. तेव्हाही ते थांबवता आलं असतं. पण त्याच वेळी त्याच्या घशातून एक आवाज निघाला, सुतळी दाभणातून ओढताना अडकते आणि जोर लावल्यावर सुटते तसा, आणि टाळ्या थांबल्या. अकरा माणसं त्याच्याकडे बघत होती. कवडूनं हात वर केला, शाळेत करतात तसा, आणि म्हणाला, "काही नाही. तिखट गेलं डोळ्यात."

कोपऱ्यातून कोणी हसलं. त्याला तो विनोद वाटला असावा. बाकी कोणी हसलं नाही म्हणून तोही थांबला. मग खोलीत जी शांतता झाली तिच्यात कवडूला आपलं वाक्य पुन्हा ऐकू आलं. सातऱ्यावरच्या सतरा वर्षांत ते त्यानं किती वेळा म्हटलं असेल, आणि प्रत्येक वेळी ते मिरचीच्या वासात, खोकल्यात, ट्रकच्या आवाजात विरून जायचं. इथं ते टेबलावर पडून राहिलं. काचेच्या टेबलावर ठेवलेल्या वस्तूसारखं सगळ्या बाजूंनी दिसत होतं.

संडासाच्या बाजूच्या खोलीत हात पुढे केला की पाणी आपोआप येई आणि माणूस हलला नाही की दिवा आपोआप विझे. कवडू आरशापुढे उभा राहिला. सातऱ्यावर आरसा नव्हता. एवढ्या वर्षांत रडतानाचा आपला चेहरा आपण पाहिलाच नव्हता हे त्याच्या ध्यानात आलं. वरचा ओठ डावीकडे ओढला जात होता. हा चेहरा त्याच्या बापाचा होता. बाप रडलेला त्यानं कधी पाहिला नव्हता, पण हा त्याचाच असणार. तो हलला नाही म्हणून दिवा विझला. अंधारात थोडं बरं वाटलं. मग दार उघडलं, दिवा लागला, आणि रितिका पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती. रितिका माणसांच्या रजा, हजेऱ्या, वाढदिवसाचे केक असं सगळं बघायची. पंचविशीची पोर, मनानं चांगली.

"काका, काय झालं?"

"काही नाही."

"काका, रडणं एकदम नॉर्मल आहे. आपल्या ऑफिसमध्ये तुम्ही मोकळेपणानं बोलू शकता. मी ऐकीन."

ती खरंच ऐकायला उभी राहिली. कवडू पाणी प्यायला. ग्लास रिकामा झाला तरी ती उभीच होती, आणि त्याला वाटलं, आता काहीतरी द्यायला हवं हिला, ग्लासाच्या बदल्यात. पण देण्यासारखं काही सापडलं नाही. तो जागेवर येऊन बसला तर एकेक जण येऊ लागला. काय झालं काका. घरी सगळं ठीक ना. बीपी तपासलं का. कोणी खांद्यावर हात ठेवला, कोणी बिस्किटाचा पुडा. पाच जणांनी विचारलं. पाचही भले होते. प्रत्येकाच्या प्रश्नाला कवडू थोडा थोडा खाली बसत गेला, शेवटी टेबलाच्या कडेवर त्याची हनुवटी टेकायची राहिली. सातऱ्यावर असं झालं असतं तर आतापर्यंत यमुताईनं आईबापावरून एक सणसणीत शिवी घातली असती आणि तो उठून कामाला लागला असता.

मग केयूरनं बोलावलं. "कवडूजी, तुम्ही पप्पांच्या वेळचे आहात. पण तुम्ही समोर बसता, काचेजवळ. व्यापारी येतात, बघतात. दोन दिवस आराम करा. फ्रेश होऊन या."

"मी ठीक आहो, भाऊ."

"ठीक आहात ना, मग ठीकच राहा," केयूर हसून म्हणाला, आणि त्याच्या पाठीवर थोपटलं.

रजेचा अर्ज संगणकावर होता. कारण निवडायचं होतं. आजारपण, घरगुती कार्य, प्रवास, इतर. 'इतर' निवडलं की खाली एक पांढरा चौकोन उघडे आणि तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नसे. कवडूनं 'इतर' निवडलं. चौकोनात एक बारीक रेघ लुकलुकत राहिली. त्या रेघेकडे बघता बघता त्याला तिसऱ्या ओळीतला, खांबाजवळचा ढीग दिसला. तिथं पंचफुला बसायची. तो तेव्हा पोत्यांची तोंडं शिवायचा, दाभण आणि सुतळी घेऊन, शेडभर फिरत. नवी होती ती. भिवापूरकडून आलेली, मिरचीतच वाढलेली, तरी डोळे धो धो वाहायचे आणि ओढणीच्या आत ती हसत असायची. त्यानं एकदा विचारलं होतं, "रडून राहिली का हसून?" ती म्हणाली, "ओळखा." मग लग्न झाल्यावर कधीतरी तिनं ओळखायची खूण सांगितली. तिखटाचं पाणी येते तेव्हा नाक आधी गळते. रडण्याचं येते तेव्हा आधी गळा आवळते, अन् नाक मागून. "जगाले पाणी दिसते," ती म्हणाली होती, "गळा कोनाले दिसत नाही. म्हून सातरा बरा." दोन वर्षांपूर्वी कावीळ झाली आणि अकरा दिवसांत ती गेली. तेरवी झाल्यावर कवडू कामावर आला. पोत्याचं तोंड शिवायला घेतलं, चार टाके घातले, आणि पाचव्या टाक्याला दाभण कुठं घालायचं ते दिसेना. त्याच्या कानांवर यमुताईचा आवाज आला, मान वर न करता काढलेला. पोतं झटकलं गेलं. एक नाही, त्या दिवशी चार पोती झटकली बायांनी. सगळी शेड खोकत होती, शिव्या देत होती, डोळे पुसत होती, आणि कवडू त्या लाल धुरळ्यात बसून जेवढं रडायचं तेवढं रडला. कोणी ग्लास आणला नाही. धूळ बसल्यावर यमुताई म्हणाली, "शिव आता. ट्रक उभा आहे." आणि त्यानं शिवलं.

त्यानंतर रोज थोडं थोडं होत गेलं. संध्याकाळी तो लाल डोळ्यांनी हुडकेश्वरला घरी यायचा. दारात त्याची मुलगी काजल उभी असायची, तेव्हा सात वर्षांची. त्याच्या बाहीला नाक लावायची, दोनदा शिंकायची आणि विचारायची, "बाबा, डोळे लाल काहून?" तो म्हणायचा, "तिखट गेलं, बेटा." तिचं समाधान व्हायचं. तिला सातरा माहीत होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत आईबरोबर ती तिथं यायची, आणि पोतं झटकायचं काम यमुताईनं तिच्याकडेच दिलेलं होतं. पोतं तिच्याएवढं. आईनं शिकवलं होतं, झटकताना डोळे मिटायचे, मनात दहा मोजायचे, मग उघडायचे. कोणासाठी झटकायचं ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिला तो खेळ वाटायचा. कवडूला तरी तसंच वाटलं होतं.

आई गेली तेव्हा काजल रडली नाही. लोक म्हणाले, लहान आहे, कळलं नसेल. मग गेल्या दिवाळीच्या आधी ती शाळेच्या पायरीवरून पडली आणि मनगट मोडलं. डॉक्टरांनी हाड बसवलं तेव्हा कवडूलाच बघवेना, आणि ही ओठ मिटून छताकडे बघत बसली. नर्स म्हणाली, शूर आहे हो पोरगी. परत येताना स्कूटरवर, त्याच्या पाठीला प्लास्टरचा हात टेकवून ती बसली होती तेव्हा तो म्हणाला, "दुखलं असन तं रडाचं, बेटा." मागून आवाज आला, "तिखट कुठं गेलं, बाबा? तिखट नाही तं काहून रडू?" तो हसला. दुसऱ्या दिवशी सातऱ्यावर त्यानं हे मोठ्या कौतुकानं सांगितलं. सगळ्या हसल्या, यमुताई तेवढी हसली नाही. "पोरीले हे का शिकवलं गा तू?" तिनं विचारलं. कवडूला राग आला होता. म्हातारीला सगळ्यात खोड काढायची सवय, असं त्याला वाटलं होतं.

रेघ लुकलुकत होती. आज सकाळी काचेच्या खोलीत ते वाक्य त्यानं अकरा माणसांच्या कानांनी ऐकलं होतं. आता ते त्याला काजलच्या कानांनी ऐकू आलं, दारात उभं राहून, रोज संध्याकाळी, जवळजवळ दोन वर्षं. डोळ्यांत पाणी येतं ते तिखटानं, दुसऱ्या कशानं नाही. तिच्या बापानं तिला हे पाढ्यासारखं पाठ करून दिलं होतं आणि तिनं ते चोख पाठ केलं होतं. मागून रितिका आली, म्हणाली, "काका, मी भरते," आणि तिनं 'आजारपण' निवडलं. चौकोन मिटला.

दुपारी दोन वाजता आपलं घर कसं दिसतं हे कवडूला माहीत नव्हतं. खाली घरमालकीण कुसुमताई पापड वाळवत होत्या. "आज लवकर? अन् डोळे किती लाल दिसून राहिले!" त्या म्हणाल्या. "तिख..." कवडू म्हणाला आणि जिन्यातच थांबला. मग "हो" एवढंच म्हणून वर गेला. कुसुमताई बघत राहिल्या असतील. खोलीत ऊन खिडकीतून येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत चढलं होतं. फ्रिज मध्येच गुरगुरे आणि थांबे. ही सगळी दुपार रोज इथं एकटीच असते, असा एक विचित्र विचार त्याच्या मनात आला, आणि तिला कधी कोणी पाहिलंच नसेल. त्यानं तोंड धुतलं. अर्ध्या तासानं पुन्हा धुतलं. काजलची व्हॅन सव्वापाचला येते. पावणेतीन तास होते. तेवढ्यात एक वाक्य तयार करायचं होतं. ते जुनं वाक्य आज बोलायचं नाही, एवढं ठरलं होतं. आज जर बोललो तर ही पोर आयुष्यभर ओठ मिटून छताकडे बघत राहील, हे त्याला दिसत होतं. पण त्याच्या जागी काय? 'बाबाले आईची आठवण आली.' हे त्यानं मोठ्यानं म्हणून पाहिलं. रिकाम्या खोलीत ते रेडिओवरच्या बातमीसारखं वाटलं. 'बाबाले वाईट वाटून राहिलं.' हे रितिकासारखं. त्यानं मग नुसतं 'पंचफुला' म्हटलं. दोन वर्षांत ते नाव त्यानं घरात उच्चारलं नव्हतं. 'तुझी आई' म्हणायचा, तेही काजलनं काही विचारलं तर. नाव उच्चारल्याबरोबर गळा आवळला. नाक मागून गळलं. खूण बरोबर होती तिची.

गॅलरीत पाण्याच्या ड्रमखाली एक घडी केलेलं पोतं होतं. तीन महिन्यांपूर्वी सातरा बंद झाला त्या दिवशी यमुताईनं ते त्याच्या स्कूटरवर टाकलं होतं. "ने घरी. कामी येईन." तो म्हणाला होता, "यमुताई, घरी पोत्याचं का करू?" ती म्हणाली, "पाय पुसजो." त्यानं ते तसंच ड्रमखाली सारलं होतं, आणि पाय पुसायला कधी काढलं नव्हतं. आज ऊन तापल्यावर तिकडून बारीकसा वास येत होता. तो उठून गॅलरीचं दार लावून आला. मग पुन्हा बसला आणि तिसऱ्यांदा तोंड धुवायला उठला, तेवढ्यात खाली व्हॅनचा दरवाजा सरकल्याचा आवाज आला. जिन्यावर पावलं वाजली, दोन पायऱ्या एकदम चढणारी. तयार केलेली सगळी वाक्यं त्या पावलांखाली आली.

काजल दारात थांबली. तिला बाप या वेळेला घरात अपेक्षित नव्हता. दप्तर तसंच पाठीवर ठेवून ती जवळ आली, त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग सवयीनं बाहीला नाक लावलं. ती थांबली. दुसरी बाही हुंगली. शिंक आली नाही.

"बाबा, मनीषनगरले मिरची आहे का?"

"नाही, बेटा."

"मंग?"

कवडूनं तोंड उघडलं. गळ्यात सुतळी अडकली होती. त्यानं जोर लावला. "पंचफुला," तो म्हणाला, "तुझी आई..." आणि पुढं शब्दाऐवजी सकाळचा तोच आवाज आला, आणि वरचा ओठ डावीकडे ओढला गेला. हात तोंडावर न्यावा असं त्याला वाटलं. त्यानं नेला नाही. पोरीला बघू दिलं.

काजल बघत राहिली. 'काय झालं' असं तिनं विचारलं नाही. पाणी आणलं नाही. तिनं दप्तर उतरवून भिंतीशी ठेवलं, चपला काढल्या, आणि गॅलरीचं दार उघडून ती बाहेर गेली. ड्रम सरकवल्याचा आवाज आला. परत आली ती पोतं फरफटत घेऊन. मोडून जोडलेला हात अजून थोडा काटकुळा होता, त्या हातानं पोत्याचं एक टोक धरायला तिला दोनदा पकड बदलावी लागली. त्याच्यापुढे, दोन पावलांवर ती उभी राहिली. पोतं अजूनही जवळजवळ तिच्याएवढंच होतं. तिनं ते डोक्याच्या वर नेलं.

कवडूचे डोळे सतरा वर्षांच्या सवयीनं आपोआप मिटले. फाडकन आवाज झाला. तोच वास आला, ऊन लागलेला, लाल. नाकात सुई टोचली, तो शिंकला, खोकला, आणि खोकल्याबरोबर जे यायचं ते मोकळं यायला लागलं. त्यानं मनात मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. काजलच्या बाजूनं शिंक आली. मग खोकला. मग एक आवाज, जो शिंकेचाही नव्हता आणि खोकल्याचाही नव्हता. चारलाच त्यानं डोळे उघडले.

खोलीभर उन्हात लाल धूळ तरंगत होती. काजलनं डोळे मिटलेले नव्हते. ते सताड उघडे होते, वाहत होते, आणि तिचा वरचा ओठ डावीकडे ओढला गेला होता. तिनं बापाकडे पाहिलं. मग पोतं पुन्हा डोक्यावर उचललं, आणि डोळे तसेच उघडे ठेवून दुसऱ्यांदा झटकलं.